पेशींना नुसतं खाणं पुरत नाही, राहायला जागा पण लागते

१९८२ साली सशाच्या सांध्यातल्या पेशींवर एक प्रयोग झाला होता, तो आधी सांगते कारण तो कळला की पुढचं बरंचसं सोपं जातं. हाडाच्या टोकाला जी गुळगुळीत पांढरी कूर्चा असते ना, मटणाच्या नळीच्या टोकाला दिसते ती, तिच्यातल्या पेशी काढून प्लॅस्टिकच्या बशीत वाढवल्या. वाढल्या छान, पण वाढता वाढता त्या चपट्या झाल्या, लांबट झाल्या आणि कूर्चेला जे खास कोलॅजेन, म्हणजे धाग्यासारखं प्रोटीन लागतं, ज्याला टाइप २ म्हणतात, ते बनवायचंच त्यांनी सोडून दिलं. म्हणजे पेशी जिवंत आहेत, संख्येने वाढतायत, पण कूर्चेच्या पेशी म्हणून त्यांचा काही उपयोग उरला नाही. मग बेन्या आणि शाफर या दोघांनी त्याच पेशी उचलून अगारोजच्या जेलमधे ठेवल्या आणि काय झालं तर त्या परत गोल झाल्या आणि परत टाइप २ कोलॅजेन बनवायला लागल्या. कुठलं औषध दिलं नव्हतं, जीन्सना हात लावला नव्हता, फक्त राहायची जागा बदलली होती. मला हा प्रयोग अजूनही थक्क करतो आणि आमचं टिश्यू इंजिनिअरिंगचं, म्हणजे पेशी वाढवून शरीराचे खराब झालेले भाग बनवायचं, सगळं क्षेत्र खरं तर याच एका गोष्टीभोवती फिरतं.

आता हे अगारोज येतं अगारमधून, आणि अगार म्हणजे आपलं चायनाग्रास, लाल समुद्री शेवाळातून काढलेलं. मे महिन्याच्या घामट उकाड्यात पण चायनाग्रासच्या वड्या ताटात तशाच्या तशा राहतात कारण अगार एकदा सेट झालं की साधारण ८५ डिग्रीपर्यंत तापवल्याशिवाय पातळ होत नाही, जिलेटिनची जेली मात्र तिशीच्या पुढे गेली की पाणी पाणी व्हायला लागते. १८८१ च्या सुमाराला जर्मनीत रॉबर्ट कॉखच्या लॅबमधे जंतू वाढवायला जिलेटिन वापरायचे आणि ते उन्हाळ्यात वितळायचं, तेव्हा तिथे काम करणाऱ्या वॉल्टर हेसेची बायको फॅनी हेसे हिने सुचवलं की मी स्वयंपाकात अगार वापरते, ते वापरून बघा. आज जगातल्या प्रत्येक मायक्रोबायोलॉजी लॅबमधे तेच वापरतात आणि तिचं नाव फार कमी जणांना माहीत असतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मी मूळची मालवणची, काम पुण्यात, आणि काम म्हणजे असलीच जेलं बनवून त्यात पेशी वाढवायच्या. गावी आले की शेजारचे काका हमखास विचारतात, "काय गो चेडवा, माझो गुडघो तुझ्या लॅबात वाढवूक येतलो काय?" प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि त्याचं नीट उत्तर द्यायचं तर आधी जेल म्हणजे काय ते सांगावं लागतं, म्हणून हे सगळं लिहितेय.

हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारं जाळं. आपल्याकडे मासेमारीचं जाळं सगळ्यांनी बघितलंय, तर तेच डोळ्यासमोर आणा. सूत म्हणजे पॉलिमरच्या लांबच लांब साखळ्या, त्या जिथे एकमेकींना बांधल्या जातात त्या गाठी म्हणजे क्रॉसलिंक, आणि मधलं भोक म्हणजे जाळ्याचा आस. गाठी जास्त मारल्या की आस बारीक होतो, जाळं ताठ होतं, गाठी कमी केल्या की ढिलं आणि मऊ. फरक एवढाच की इथे जाळ्यात मासा नाही तर पाणी अडकलेलं असतं, आणि तेही थोडंथोडकं नाही, काही जेलांमधे वजनाच्या ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. डोळ्यात घालायची सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स हे पण हायड्रोजेलच, प्रागच्या विख्टर्ले आणि लिम यांनी १९६० साली शरीरासाठी वापरता येतील अशा जेलांवर पेपर लिहिला तिथून ती गोष्ट सुरू झाली. लहान बाळांच्या डायपरमधे जे फुगतं तेही याच जातीतलं.

साध्या अल्जिनेट जेलचा आस पाच-दहा नॅनोमीटरच्या घरात असतो आणि आपली पेशी असते दहा ते वीस मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर), म्हणजे आसाच्या हजारपटीहून मोठी. त्यामुळे ऑक्सिजन, साखर, छोटी प्रोटीन्स आरामात आतबाहेर करतात पण पेशी जिथे अडकली तिथे अडकली. हे चांगलं पण आहे आणि वाईट पण आहे, पुढे कळेलच.

शरीरात सुद्धा पेशी काही हवेत तरंगत नसतात. रक्तातल्या पेशी सोडल्या तर बहुतेक पेशी एका ओल्या जाळ्यात बसलेल्या असतात, त्यात कोलॅजेनचे धागे असतात, हायल्युरोनिक ॲसिड असतं, अजून पन्नास गोष्टी असतात, आणि हे जाळं पेशी स्वतःच विणतात, स्वतःच कापतात, परत विणतात. सांध्याच्या कूर्चेत ७० ते ८० टक्के पाणीच असतं. म्हणजे निसर्गाने आधीच हायड्रोजेल वापरलेलं आहे आणि आपण त्याची नक्कल करायला बघतोय. सपाट प्लॅस्टिकच्या बशीत यातलं काहीच नसतं, म्हणून सशाच्या त्या पेशींचं तसं झालं.

आता किनाऱ्यावर येऊ. पावसाळा सरला की मालवणला, रत्नागिरीला ओहोटीच्या वेळी कातळावर तपकिरी रंगाचं झुबकेदार शेवाळ दिसतं, त्याला बारीक बारीक फुगे असतात, पोरं ते फोडत बसतात. ते सरगॅसम. या तपकिरी शेवाळांच्या भिंतीत अल्जिनेट नावाची साखळी असते, काही जातींमधे कोरड्या वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत सुद्धा, सरगॅसममधे सहसा त्याहून कमी. स्टॅनफर्ड नावाच्या केमिस्टने १८८१ मधे स्कॉटलंडच्या शेवाळातून ते पहिल्यांदा काढलं. पद्धत ऐकायला सोपी आहे, शेवाळ धुवायचं, हलक्या ॲसिडमधे ठेवायचं, मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात ढवळायचं म्हणजे अल्जिनेट सुटून पाण्यात येतं, गाळायचं आणि अल्कोहोल घालून साका खाली बसवायचा. मिळते ती पांढरट पावडर, सोडियम अल्जिनेट.

ही पावडर पाण्यात विरघळवली की घट्टसर पाक होतो, जेल नाही. जेल व्हायला कॅल्शियम लागतं. अल्जिनेटच्या साखळीत दोन प्रकारच्या साखरा असतात, एक एम आणि एक जी, आणि त्यातले जी चे सलग पट्टे असतात ते कॅल्शियमला मधे घेऊन एकमेकांना चिकटतात, म्हणजे कॅल्शियम हीच गाठ झाली. जी जास्त असलेलं अल्जिनेट कडक पण ठिसूळ जेल देतं, एम जास्त असेल तर मऊ. हे प्रमाण शेवाळाच्या जातीवर, ऋतूवर, अगदी झाडाचा कुठला भाग घेतला त्याच्यावर पण बदलतं आणि यामुळेच आमच्यासारख्यांचं डोकं उठतं, कारण डिसेंबरमधे काढलेलं आणि मार्चमधे काढलेलं अल्जिनेट एकसारखं वागेलच असं नाही.

सगळ्यात मोठी सोय म्हणजे ही गाठ साध्या पाण्यात, शरीराच्या तापमानाला, क्षणात बसते. पेशी अल्जिनेटच्या पाकात मिसळा, कॅल्शियम क्लोराइडमधे थेंब टाका, थेंब तिथल्या तिथे गोळी होतो आणि आतल्या पेशी जिवंत राहतात. १९८० मधे लिम आणि सन यांनी असंच करून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके अल्जिनेटच्या बारीक कुप्यांमधे बंद केले आणि डायबेटिस असलेल्या उंदरांमधे टाकले. आस एवढा की साखर आत जाते, इन्सुलिन बाहेर येतं, पण शरीराच्या संरक्षक पेशी आत शिरू शकत नाहीत. कल्पना इतकी सुंदर आहे की चाळीस वर्षं लोक तिच्या मागे लागलेत, का लागलेत ते खाली येईल.

पण मूळ अल्जिनेटमधे एक मोठी खोट आहे. पेशी त्याला धरत नाहीत. आपल्या पेशींच्या अंगावर इंटिग्रिन नावाची पकडायची साधनं असतात आणि ती ठराविक खुणांनाच पकडतात, शेवाळाच्या साखळीवर त्या खुणा कुठून येणार. कूर्चेच्या पेशींचं त्यात निभतं कारण त्यांना गोल राहायलाच आवडतं, पण हाडाच्या, स्नायूच्या, रक्तवाहिनीच्या पेशींना पकड मिळाली नाही तर त्या पसरत नाहीत आणि बऱ्याचशा मरून जातात. इथून खरं मॉडिफिकेशन सुरू होतं. १९८४ मधे पियर्शबाखर आणि रुओस्लाहती यांनी दाखवलं की फायब्रोनेक्टिन या भल्यामोठ्या प्रोटीनमधला पेशी पकडतात तो मुख्य भाग अगदी छोटा आहे, आर्जिनिन, ग्लायसिन, ॲस्पार्टिक ॲसिड, एवढे तीन तुकडे ओळीने, त्याला सगळे आरजीडी म्हणतात. १९९९ मधे डेव्हिड मूनीच्या गटाने हा आरजीडी केमिकली अल्जिनेटच्या साखळीला जोडला आणि ज्या जेलकडे पेशी ढुंकून बघत नव्हत्या तिलाच त्या धरायला लागल्या, पसरायला लागल्या. जाळं तेच, सूत तेच, फक्त सुतावर मधे मधे पकडायची जागा शिवून दिली.

मग दुसरा प्रश्न येतो की जाळं किती ताठ हवं. २००६ मधे एंगलर आणि डिशर यांच्या गटाचा एक पेपर आला ज्याने सगळ्यांचे डोळे उघडले. त्यांनी बोनमॅरोतल्या स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी होऊ शकतात अशा मूळ पेशी, वेगवेगळ्या ताठपणाच्या जेलांवर ठेवल्या, बाकी सगळं सारखं. साधारण १ किलोपास्कलच्या (हे ताठपणाचं माप) आसपासच्या मऊ जेलवर, म्हणजे मेंदूएवढ्या मऊ, त्या मेंदूतल्या चेतापेशींसारख्या लांब फांद्या काढायला लागल्या, १० च्या आसपास स्नायूच्या दिशेने गेल्या आणि २५ ते ४० ला हाडाच्या. म्हणजे पेशी आजूबाजूचं नुसतं चाखत नाही, ओढून पण बघते आणि जे हाताला लागतं त्यावर ठरवते की आपण काय व्हायचं. आणि प्लॅस्टिकची बशी मेंदूपेक्षा लाखो पट ताठ असते हे लक्षात घेतलं तर इतकी वर्षं आपण पेशींना कुठे ठेवत होतो याचा विचार करा.

यात अजून एक पदर आहे जो उशिरा कळला. खरं मांस रबरासारखं नसतं, दाबून ठेवलं की हळूहळू सैल पडतं. जुनी जेलं रबरासारखी होती, ओढलं तर तेवढ्याच जोराने मागे ओढणार. २०१६ मधे ओविजित चौधुरी आणि मूनी यांच्या गटाने सारख्याच ताठपणाची पण वेगवेगळ्या वेगाने सैल पडणारी अल्जिनेट जेलं बनवली आणि लवकर सैल पडणाऱ्या जेलमधे पेशी जास्त पसरल्या, जास्त हाडासारख्या झाल्या. कारण त्यांना आजूबाजूचं जाळं सरकवून जागा करता आली. साखळ्यांची लांबी कमी करून आणि मधे दुसऱ्या पॉलिमरचे तुकडे लावून त्यांनी हे साधलं, म्हणजे केमिस्ट्री तशी साधीच, पण प्रश्न विचारायला कोणाला तरी सुचायला लागतो.

आणि माझ्या मते सगळ्यात कठीण आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं म्हणजे जेल नाहीसं व्हायचा वेग. जेल हे कायमचं घर नाहीये, पेशींनी स्वतःचं जाळं विणलं की त्याने जागा सोडायची असते. लवकर गेलं तर पेशी उघड्यावर पडतात आणि आकार ढासळतो, राहून बसलं तर पेशींना विणायला जागाच मिळत नाही. मघाशी म्हटलं ना पेशी आसापेक्षा हजारपटीने मोठी, ती वाईट बाजू इथे दिसते. आपल्या शरीरात अल्जिनेट तोडणारं एन्झाइमच नाही. कॅल्शियमची जागा सोडियम घेत जातं, गाठी आपोआप सुटतात आणि जेल कधी, कुठून ढिलं पडेल त्यावर आपला काही कंट्रोल राहत नाही. म्हणून मग काही जण साखळीतले थोडेसे साखरेचे घटक आधीच ऑक्सिडाइज करून ठेवतात म्हणजे तिथून ती पाण्यात हळूहळू तुटते. याहून हुशार मार्ग म्हणजे गाठच अशी बांधायची की जी पेशीच कापू शकेल. पेशी शरीरात वाट काढायला एमएमपी नावाची एन्झाइम सोडतात, तर लुटोल्फ आणि हबेल यांनी २००३ मधे पीईजी या कृत्रिम पॉलिमरच्या जाळ्यात नेमके एमएमपीला कापता येतील असे प्रोटीनचे तुकडे गाठी म्हणून घातले. पेशीला जिथे जायचंय तिथलीच गाठ सुटते, बाकीचं जाळं उभं राहतं. मी शिकायला लागले तेव्हा हे वाचून इतकी खूश झाले होते की होस्टेलवरच्या सगळ्यांना समजावत फिरले होते.

शेवाळ झालं, आता कोळंबी. घरी कोळंबी सोलली की सालं टाकून देतो, मिरकरवाड्याला, हर्णेला, मालवणला बंदराजवळ त्याचे ढीग पडतात आणि वास तर सगळ्यांना माहीत आहे. त्या सालीत कायटिन असतं. हलक्या हायड्रोक्लोरिक ॲसिडने त्यातला चुना काढायचा, हलक्या कॉस्टिकने प्रोटीन काढायचं, मग तीव्र गरम कॉस्टिकमधे ठेवायचं म्हणजे कायटोसान मिळतं. प्रोटीन नीट निघणं फार महत्वाचं कारण कोळंबीची ॲलर्जी असते ती प्रोटीनमुळेच. कायटोसानवर पॉझिटिव्ह चार्ज असतो, रक्ताच्या पेशी त्याला चिकटतात, म्हणून रक्त थांबवायच्या पट्ट्यांमधे ते वापरतात. टिश्यूसाठी त्याची अडचण अशी की ते फक्त आंबट पाण्यात विरघळतं आणि पेशींना आंबट चालत नाही, त्यांना पीएच ७.४ लागतो. २००० साली कॅनडातल्या एका गटाने त्यात बीटा ग्लिसरोफॉस्फेट हे मीठ घालून असं मिश्रण बनवलं जे थंड असताना पातळ राहतं, पेशी मिसळून सुईने टोचता येतं आणि आत गेलं की ३७ डिग्रीला आपोआप जेल होतं. सांध्यासाठी हे फार कामाचं आहे कारण कूर्चेचा खड्डा कधीच चौकोनी नसतो, पातळ द्रव वेड्यावाकड्या खड्ड्यात बरोबर भरतो.

जिलेटिनची गोष्ट थोडक्यात. ते कोलॅजेनपासूनच होतं त्यामुळे त्यात पेशी पकडायच्या खुणा आयत्या असतात आणि पेशी ते कापू पण शकतात. फक्त ३७ डिग्रीला ते पातळ होतं. म्हणून त्याला मेथॅक्रिलॉइलचे गट लावतात, मग प्रकाश पाडला की कायमच्या गाठी बसतात, याला जेलमा म्हणतात, २००० साली बेल्जियममधे हे पहिल्यांदा झालं आणि आज थ्रीडी बायोप्रिंटिंगमधे बहुतेक लॅबमधे ते दिसतं. प्रकाश जास्त पडला किंवा प्रकाशाने सुरू होणारं केमिकल जास्त झालं तर पेशी मरतात, कमी पडला तर जेल धरत नाही, आणि ही मधली वाट शोधण्यात रिसर्च करणाऱ्या मुलामुलींचे महिने जातात. मायक्रोस्कोपखाली डाय टाकून बघायचं, जिवंत पेशी हिरव्या, मेलेल्या लाल, आणि सगळं लाल दिसलं की त्या दिवशी जेवण जात नाही.

एक गोष्ट मला मनापासून खटकते ती लिहूनच टाकते. लॅबमधे छोटे आतडे, छोटं यकृत असे ऑर्गनॉइड वाढवतात त्यातले बहुतेक अजूनही मॅट्रिजेल नावाच्या जेलमधे वाढतात. २००९ मधे साटो आणि क्लेव्हर्स यांनी आतड्याच्या एकेका स्टेम सेलपासून ऑर्गनॉइड वाढवले ते पण त्यातच. मॅट्रिजेल येतं उंदराच्या एका गाठीतून, कॅन्सरच्या गाठीतून, त्यात शेकडो प्रोटीन्स आणि प्रत्येक बॅच वेगळी. शिकायला ठीक आहे, पण उद्या माणसाच्या शरीरात जे जायचंय ते उंदराच्या कॅन्सरमधून आलेल्या जेलवर वाढलेलं कसं चालेल. २०१६ मधे लुटोल्फच्या गटाने पीईजीचं पूर्णपणे माहितीतलं जेल बनवून त्यात आतड्याचे ऑर्गनॉइड वाढवून दाखवले, म्हणजे होऊ शकतं. महाग आहे आणि मेहनतीचं आहे म्हणून लोक वळत नाहीत, पण वळायला हवं.

आता खरी भिंत. पेशीला जवळच्या रक्तवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रॉनच्या आत राहावं लागतं, त्यापुढे ऑक्सिजन पुरत नाही. म्हणून पातळ त्वचा जमते, कूर्चा जमते कारण तिच्यात मुळातच रक्तवाहिन्या नसतात, डोळ्याच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, जमतो, त्याच्यातही नसतात. पण मूठभर यकृत बनवायचं तर आत रक्त खेळवायला लागतं. जेलमधे आधी विरघळणाऱ्या धाग्यांची नक्षी घालून नंतर ती काढून बोगदे करणं, रक्तवाहिनीच्या पेशींना वाढ करणारी प्रोटीन्स जेलमधून हळूहळू सोडणं, असे सगळे प्रयत्न चालू आहेत. २०१९ मधे ॲडम फाइनबर्गच्या गटाने कोलॅजेन एका मऊ जिलेटिनच्या बाथमधे प्रिंट करून हृदयाचे छोटे भाग बनवले, त्यात झडपा पण होत्या आणि बारीक नळ्या पण. पूर्ण धडधडणारं माणसाच्या आकाराचं हृदय अजून कोणी बनवलेलं नाही, व्हॉट्सॲपवर काही पण येवो.

आणि त्या इन्सुलिनच्या कुप्यांचं काय झालं, तर शरीर बाहेरची वस्तू दिसली की तिच्याभोवती व्रणासारखा जाड थर बांधतं, मग ऑक्सिजन बंद, आतल्या पेशी खलास. याच्यावर रॉबर्ट लँगर आणि डॅनियल अँडरसन यांच्या गटाने ७७४ प्रकारची मॉडिफाय केलेली अल्जिनेटं बनवली आणि एकेक तपासली. त्यातली काही ट्रायझोल गट लावलेली अशी निघाली की शरीर त्यांच्याभोवती थर जवळजवळ बांधतच नाही. २०१६ मधे त्यांनी माणसाच्या स्टेम सेलपासून केलेल्या इन्सुलिनच्या पेशी अशा जेलमधे घालून डायबेटिसच्या उंदरांमधे ठेवल्या आणि १७४ दिवस त्यांची साखर आटोक्यात राहिली, प्रतिकारशक्ती दाबायची औषधं न देता. म्हणजे ज्या शेवाळाच्या साखळीने १९८० मधे सुरुवात झाली तिच्यावर एक छोटा केमिकल गट कुठला लावायचा हे शोधायला इतकी वर्षं लागली.

मग काकांच्या गुडघ्याचं काय. खरं सांगायचं तर खेळताना किंवा अपघातात कूर्चेचा एखादा तुकडा निघालाय, बाकी सांधा चांगला आहे, वय फार नाही, अशांसाठी उपचार आहेत. पेशंटच्याच कूर्चेच्या पेशी काढून बाहेर वाढवतात आणि कोलॅजेनच्या पातळ पडद्यावर घालून परत बसवतात, अशा एका उपचाराला अमेरिकेत २०१६ मधे मान्यता मिळाली. त्वचेसाठी कोलॅजेन जेलमधे जिवंत पेशी घालून केलेलं ॲप्लिग्राफ तर १९९८ पासून आहे, न भरणाऱ्या जखमांसाठी. आपल्याकडे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था, आयआयटी हैदराबाद आणि सीसीएमबी ही तिथलीच सरकारी संशोधन संस्था यांनी मिळून माणसाच्याच कॉर्नियाच्या टिश्यूपासून केलेल्या जेलमधून कॉर्निया प्रिंट करून सशाच्या डोळ्यात बसवला, २०२२ मधे त्यांनी हे जाहीर केलं. पण सत्तरीच्या माणसाचा पूर्ण झिजलेला सांधा, जिथे आत सूज आहे, हाडावर हाड घासतंय, तिथे नवीन पेशी टाकल्या तरी त्या त्याच सुजेत मरतात. काकांना मी हेच सांगितलं, की तुमच्यासाठी आज ऑर्थोपेडिक डॉक्टर जे सांगतात तेच बरोबर आहे, आणि कोणी स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन गुडघा नवा करतो म्हणून लाखभर रुपये मागितले तर आधी त्याला विचारा की कुठल्या मंजूर ट्रायलमधे आहे. काका थोडे हिरमुसले पण त्यांनी ऐकून घेतलं.

गावातल्या तरुण पोरांचा दुसरा प्रश्न असतो, की मग आपल्या किनाऱ्यावरचं शेवाळ विकता येईल का याच्यासाठी. अल्जिनेट निघतं, नक्कीच निघतं, आणि कापड छपाईला, आइस्क्रीमला, औषधाच्या गोळ्यांना ते चालतं. शरीरात घालायचं अल्जिनेट वेगळं. त्यात जंतूंच्या भिंतीतले एंडोटॉक्सिन उरले तर ताप आणि सूज येते, शेवाळातले पॉलिफेनॉल उरले तर पेशी मरतात, तपकिरी शेवाळ समुद्रातलं आर्सेनिक पण ओढून घेतं, ते सगळं काढून प्रत्येक बॅचला तपासून कागद द्यावा लागतो. पैसे आहेत ते त्या शुद्धीकरणात आणि त्या कागदात, शेवाळात नाहीत. भावनगरला सीएसएमसीआरआय ही सरकारी संस्था समुद्री शेवाळावर कित्येक वर्षं काम करतेय, त्यांच्याकडे जाऊन शिकण्यासारखं खूप आहे. आणि कातळावरून सरगॅसम ओरबाडून आणायचं हा विचार तर करूच नका, त्यात माशांची पिल्लं राहतात, ते गेलं की खाडीच्या तोंडाशी मासळी पण कमी होणार. सुटून किनाऱ्याला लागलेलं घ्या, किंवा वाढवा.

कॉलेजच्या मुलांना हे सगळं हाताने बघायचं असेल तर फार काही लागत नाही. खाण्याच्या ग्रेडचं सोडियम अल्जिनेट विकत मिळतं, २ ग्रॅम १०० मिलि पाण्यात टाकून रात्रभर ढवळत ठेवा कारण त्याच्या गुठळ्या होतात, आणि कॅल्शियम क्लोराइडचं तसंच २ टक्क्यांचं पाणी करा. सिरिंजने थेंब थेंब सोडा, गोळ्या लगेच होतात. अर्ध्या गोळ्या साध्या पाण्यात ठेवा, अर्ध्या ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात, मिठाचं पाणी रोज बदला आणि रोज टिपकागदावर टिपून वजन करा. मिठातल्या गोळ्या फुगत जातात, मऊ पडत जातात, कारण सोडियम आत शिरून कॅल्शियमच्या गाठी सोडवतंय. चार-पाच गोळ्या सोडियम सायट्रेटच्या पाण्यात पण टाका, सायट्रेट कॅल्शियम खेचून घेतं आणि बघता बघता गोळी पाक होऊन जाते, लॅबमधे जेलमधून पेशी जिवंत परत काढायला आम्ही हेच करतो. वजन आणि दिवस यांचा ग्राफ काढा, वेगवेगळ्या कंपन्यांच्या पावडरी मिळाल्या तर दोन्हींचा काढा, आणि दोन रेषा वेगळ्या आल्या तर त्यातल्या एम आणि जी चं प्रमाण वेगळं असू शकतं, सरांना विचारू म्हणून सोडून देऊ नका, पावडरीच्या कंपनीला ईमेल करून विचारा, उत्तर देतात ते.